देवभक्ती आणि राजकीय मत रक्तातून येतं का? गुहागरकडच्या एका आईला उत्तर

ताई,

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. सासर गुहागर तालुक्यात, घर ग्रामदेवतेच्या मानकऱ्यांचं. थोरला मुलगा शिमग्याला पालखी खांद्यावर घेतो, गाऱ्हाण्याला पुढे उभा असतो. धाकटा पुण्याला शिकायला गेला आणि आता तेवीस वर्षांचा आहे. पालखी दारात आली की तो घराबाहेर पडतो, देव मानत नाही म्हणतो, आणि घरातले सगळे ज्या पक्षाला मत देत आले त्याला तो देत नाही. तुमचे वडील वेंगुर्ल्याकडचे, समाजवादी नेते नाथ पै आणि मधु दंडवत्यांच्या प्रचाराला सायकलवरून फिरलेले, देवळाची पायरी न चढणारे. म्हणून भावकीत बोललं जातं, ‘हे आईच्या माहेरचं रक्त.’ यात शास्त्राचं काही तथ्य आहे का, आणि जनुकीय चाचणी करून ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय.

थेट सांगते. माणसाचा देवाधर्माकडे किंवा राजकारणाकडे जो कल असतो, त्यात अनुवंशाचा वाटा आहे. हे बऱ्याच देशांतल्या जुळ्यांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, ते मी नाकारणार नाही. पण तुमच्या मुलाने पालखी का सोडली, हे त्या अभ्यासांतून सांगता येत नाही. आणि तुमच्या माहेराकडे बोट दाखवायला तर त्यात काडीचाही आधार नाही. मी इतकी वर्षं जनुकीय समुपदेशन करते आहे. मूल अपंग असो, फिट्स येणारं असो की नुसतं हट्टी असो, दोष आईच्या माहेरावर टाकायची सवय मी कोकणातल्या घराघरांत पाहिली आहे. म्हणून हे उत्तर जरा लांबवते.

आधी साधा हिशेब. मुलाला निम्मी जनुकं आईकडून मिळतात, निम्मी बापाकडून. आईच्या वडिलांकडून सरासरी पाव हिस्सा येतो, आणि बापाच्या वडिलांकडूनही तेवढाच. म्हणजे धाकट्याच्या अंगात वेंगुर्ल्याच्या आजोबांचा जेवढा अंश आहे, साधारण तेवढाच गुहागरच्या मानकरी आजोबांचा आहे. थोरल्याचंही तसंच. तुमच्या वडिलांचा पाव हिस्सा घेऊनच तो पालखी उचलतो, हे भावकीच्या लक्षात येत नाही. सख्ख्या भावांना आईबापांकडून मिळणारी निम्मी जनुकं तीच ती नसतात, कारण प्रत्येक खेपेला वाटणी नव्याने होते. दोन सख्खे भाऊ सरासरी निम्मे सारखे असतात, पण कुणी चाळीस टक्के, कुणी साठ टक्के. तेव्हा एकाच घरात दोन टोकांचे स्वभाव निघाले यात नवल नाही. नेमका कोणता स्वभाव कोणत्या आजोबांकडून आला, हे मात्र या वाटणीवरून कुणालाही सांगता येणार नाही.

आता हे संशोधन होतं कसं ते पाहू. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेली हुबेहूब जुळी, त्यांची जनुकं सारखीच असतात. दुसरी दोन वेगळ्या बीजांची, जनुकांच्या बाबतीत साध्या भावंडांइतकीच जवळची, फक्त एका वेळी जन्मलेली. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांचं घर एक, आईबाप एक, शाळा बहुधा एकच. मग हुबेहूब जुळ्यांची मतं दोन बीजांच्या जुळ्यांपेक्षा जास्त जुळत असतील, तर तो जादा सारखेपणा अनुवंशाच्या खाती टाकतात. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत जो सारखेपणा सारखाच दिसतो, तो एका घरात वाढण्याच्या, म्हणजे सामायिक घराच्या खाती. हुबेहूब असूनही जिथे मतं जुळत नाहीत, तो भाग प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवांचा: वेगळे मित्र, वेगळी नोकरी, एखादं आजारपण, आणि मोजमापातली चूकसुद्धा.

या पद्धतीने १९८६ मध्ये निकोलस मार्टिन, लिंडन ईव्ह्‌ज आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या सामाजिक मतांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात अनुवंशाचा ठसा दिसला. राज्यशास्त्राच्या लोकांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. २००५ मध्ये अल्फर्ड, फंक आणि हिबिंग या तिघांनी अमेरिकी जुळ्यांचे आकडे मांडले तेव्हा खळबळ उडाली. फाशीची शिक्षा, शाळेतली प्रार्थना, कर अशा प्रश्नांवरचं मत एकत्र धरून पुराणमतवादी–उदारमतवादी असा कल मोजला, तर लोकांमधल्या फरकातला साधारण ५३ टक्के वाटा अनुवंशाचा निघाला आणि सामायिक घराचा फक्त ११. पण त्याच लोकांना ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे’ असं विचारल्यावर चित्र पालटलं. तिथे अनुवंश १४ टक्के आणि घर ४१ टक्के. ताई, तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आकड्यांच्या या दोन जोड्यांमधल्या फरकात आहे. रूढी मोडावी की सांभाळावी, हुकूम ऐकावा की प्रश्न विचारावा, इथे अनुवंशाचा हात दिसतो. कोणत्या चिन्हावर शिक्का मारायचा, हे ठरतं घरातल्या ओटीवरच्या गप्पांत.

धर्माचंही तसंच आहे. ईव्ह्‌ज आणि मार्टिन यांनीच जुळी आणि त्यांचे आईबाप घेऊन पाहिलं, तेव्हा माणूस कोणत्या धर्मपंथाचा असतो यात अनुवंशाचा भाग जवळजवळ सापडला नाही; तो वारसा सांस्कृतिक होता. पण श्रद्धा किती खोल, प्रार्थनेत मन किती रमतं, देवाचं महत्त्व किती वाटतं, या गोष्टींत तो सापडतो. इथे वयाचा मुद्दा येतो, आणि मला वाटतं तुमच्या घरात नेमकं हेच घडतं आहे.

लॉरा कोएनिग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मिनेसोटातल्या तिशीतल्या जुळ्या पुरुषांना विचारलं: लहानपणी तुम्ही किती धार्मिक होता, आणि आज किती आहात? लहानपणच्या धार्मिकतेत अनुवंशाचा वाटा १२ टक्के आणि घराचा ५६ निघाला. मोठेपणी अनुवंश ४४ टक्क्यांवर गेला आणि घर १८ वर उतरलं. लहानपणचं चित्र आठवणीतून सांगितलेलं आहे, त्यामुळे ते आकडे थोडे सैल धरावेत. पण पीटर हॅटेमी यांच्या गटाने २००९ मध्ये राजकीय मतांबद्दल वेगवेगळ्या वयांच्या जुळ्यांची प्रत्यक्ष उत्तरं तपासली, तिथेही हेच दिसलं. विशीपर्यंत मुलांची मतं घराच्या मुशीतली, अनुवंशाचा मागमूस नाही. घर सुटलं की हुबेहूब जुळी एकमेकांसारखीच राहतात आणि दोन बीजांची जुळी हळूहळू पांगतात. लहान मूल पालखीपुढे नाचतं कारण सगळं घर नाचत असतं, ताशा वाजत असतो, त्याला दुसरी वाट ठाऊकच नसते. घर सोडल्यावर माणूस आपल्या स्वभावाला मानवेल ती संगत, ती पुस्तकं, ते वातावरण शोधू लागतो. ज्याला मुळातच समूहात, विधीत, ठरल्या रीतीत बरं वाटतं, तो पुण्यात राहूनही सुट्टी काढून शिमग्याला येतो. ज्याचा स्वभाव प्रत्येक गोष्ट उलटून पाहण्याचा, त्याला तसेच मित्र भेटतात आणि मग मित्रांमुळे तो कल आणखी पक्का होतो. म्हणजे अनुवंशाच्या खात्यावर जे जमा होतं, त्यातलं बरंच त्याने स्वतः निवडलेल्या परिसरातून आलेलं असतं. दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि टक्केवारी त्यांना वेगळं करून दाखवत नाही.

या ‘टक्के’ शब्दाने फार घोटाळा होतो. ५३ टक्के ऐकलं की लोकांना वाटतं, माझं निम्मं मत जनुकांनी ठरवलं आणि निम्मं मी. तसं नाही. आपल्याकडचीच गोष्ट घ्या. देवगड-रत्नागिरीकडची हापूसची बाग, सगळी कलमं. खालचा खुंट रायवळ कोयीचा, पण वर बांधलेली काडी हापूसची. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या काडीवरून काडी घेत चालत आलेलं जवळजवळ एकच झाड. खुंटाचा फरक क्षणभर बाजूला ठेवा. या बागेत एका झाडाला फळ धरतं आणि दुसऱ्याचा मोहोर खाऱ्या वाऱ्याने करपतो. या फरकात अनुवंशाचा वाटा किती? शून्य, कारण सगळ्यांचा अनुवंश एकच. तरी हापूस हापूस आहे तो त्या अनुवंशामुळेच. आता शेजारी कोयीपासून उगवलेली रायवळ झाडं बघा, त्याच मातीत, त्याच पावसात. एक आंबट ढ्यॅण, एक साखरेसारखं, एक नुसत्या केसरांचं. इथला फरक बहुतेक सगळा अनुवंशाचा. दोन्हीकडे जनुकं काम करतातच, पण वाटा विचारला तर एका ठिकाणी शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी भरपूर. कारण तो आकडा एका झाडाचा नसतोच. त्या बागेतल्या झाडाझाडांमधल्या फरकाचा असतो. म्हणून अमेरिकेतला ५३ टक्क्यांचा आकडा उचलून गुहागरच्या एका मुलाला लावता येत नाही. गुहागरच्या लोकसंख्येलाही तो जसाच्या तसा लागू होणार नाही.

याच उदाहरणात अजून एक गोष्ट आहे, ती मला मुद्दाम सांगायची आहे. त्याच हापूसची काही कलमं सड्यावरच्या कातळात सुरुंग लावून खड्ड्यात लावली आणि काही खाली खोल मातीत, तर दोन बागांच्या फळांत फरक पडेल आणि तो सगळा जागेचा असेल. बागेच्या आत अनुवंशाने फरक पडतो, म्हणून दोन बागांमधला फरकही अनुवंशाचाच, असं म्हणता येत नाही. हे संशोधन वाचून ‘अमुक जातीच्या रक्तातच भक्ती, तमुक जातीच्या रक्तातच बंडखोरी’ असं बोलणारे मला भेटतात, शिकलेलेही भेटतात. या संशोधनातून तो निष्कर्ष निघत नाही. निघतो असं म्हणणारा माणूस एकतर चुकतो आहे किंवा आपला जुना हेका शास्त्राच्या नावावर खपवतो आहे.

तुमच्या माहेरच्या मुलखाचंच पाहा ना. राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७ पासून नाथ पै यांना निवडून दिलं, त्यांच्या निधनानंतर १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवत्यांना. तीस वर्षांहून जास्त काळ तिथे समाजवादी खासदार होता. १९९१ मध्ये ती जागा काँग्रेसकडे गेली आणि १९९६ मध्ये शिवसेनेकडे. पाच वर्षांत एखाद्या मुलखाची जनुकं बदलत नाहीत. तीच माणसं, तीच गावं, आणि मुंबईहून मतदानाला येणारे चाकरमानीही त्याच घरांतले. गिरण्यांचा संप, शिवसेनेच्या मुंबईतल्या शाखा, पुढाऱ्यांची नवी पिढी, देशभर बदललेलं वारं, या सगळ्यांनी मतं हलवली. तुमच्या वडिलांची सायकल ज्या घरांसमोर थांबत होती, त्यांतल्या कित्येक घरांतली नातवंडं आज वेगळ्याच झेंड्याखाली असतील.

धर्माचं त्याहून मोठं उदाहरण आपल्या किनाऱ्यावर आहे. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला जी माणसं आली, त्यांच्यापैकी असंख्य घरांनी १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला. रत्नागिरी-रायगडातल्या वाड्या-वाड्यांत देव्हारे उतरले, गावकीतली पिढीजात कामं सोडली गेली. जी जनुकं आजोबांत होती तीच नातवांत, पण धर्म बदलला. तो बदलला विचाराने, अपमानाच्या अनुभवाने आणि एका नेत्यावरच्या विश्वासाने. उलट बाजूला अलिबाग-पेणच्या पट्ट्यातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. बोलायचे मराठी, नेसायचे इथलंच, पण सब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शेकडो वर्षं टिकला. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दुहेरी वारसा दिसला. पूर्वज कोण होते हे डीएनए सांगू शकतो. शनिवार पाळायचा हे मात्र डीएनएत लिहिलेलं नव्हतं. ते प्रत्येक आईने प्रत्येक मुलाला पुन्हा शिकवलं.

‘मग ते जनुक कोणतं?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. २००४ मध्ये अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ डीन हेमर यांनी व्हीएमएटी-२ नावाच्या जनुकाचा अध्यात्माशी संबंध सांगितला आणि ‘द गॉड जीन’ या आपल्या पुस्तकाच्या नावातच त्याला देवाचं जनुक म्हटलं. तो परिणाम मुळात फार छोटा होता आणि पुढे ठामपणे सिद्ध झाला नाही. २००८ ते २०१० च्या सुमाराला मतदान करणं, उदारमतवादी असणं अशा गोष्टी एकेका जनुकाशी जोडणारे निबंध आले, त्यांवरही गंभीर आक्षेप निघाले. आता कारण नीट कळलं आहे. अशा गुंतागुंतीच्या गुणामागे एखादं जनुक नसतं, हजारो ठिकाणचे अगदी बारीक फरक असतात. उंचीसारखी साधी, टेपने मोजता येणारी गोष्ट. तिच्यासाठी २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांचे जनुकीय नमुने तपासले तेव्हा १२ हजारांच्या आसपास जागा सापडल्या. राजकीय कलाबद्दल २०१४ मध्ये पाच देशांतल्या १२ हजारांहून जास्त जुळ्यांच्या जोड्यांचे आकडे एकत्र केले. अनुवंशाचा वाटा सरासरी ४० टक्के आला, पण सगळा जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा जनुकीय मजकूर, चाळूनही खात्रीने बोट ठेवावं अशी एकही जागा मिळाली नाही.

या क्षेत्रात घाईने काढलेले निष्कर्ष मागे घ्यावे लागले आहेत, तेही तुम्हाला माहीत असावं. २००८ मध्ये एका गाजलेल्या प्रयोगात म्हटलं होतं की भीतिदायक चित्रं पाहून ज्यांना जास्त घाम फुटतो ते जास्त पुराणमतवादी असतात. प्रयोगात माणसं होती ४६. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने मोठ्या संख्येवर तोच प्रयोग केला, तो संबंध दिसला नाही. २०१२ च्या एका निबंधात स्वभावाचे काही गुण आणि राजकीय कल यांचा संबंध चक्क उलटा छापला गेला होता, कारण आकडे भरताना खुणा उलट्या पडल्या होत्या. २०१६ मध्ये लेखकांनी दुरुस्ती जाहीर केली. हे सांगते ते विश्वास उडावा म्हणून नाही. चूक उघड करून दुरुस्त होते म्हणूनच मी या संशोधनावर विसंबते. पण मोबाइलवर फिरणाऱ्या ‘शास्त्रज्ञांनी शोधलं’ छापाच्या मजकुरावर विसंबू नका.

जुळ्यांच्या पद्धतीवरचा मुख्य आक्षेपही रास्त आहे. हुबेहूब जुळ्यांना लोक एकसारखं वागवतात, ती एकमेकांना धरूनही राहतात, मग सारखेपणा जनुकांमुळे कशावरून? यासाठी वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचे अभ्यास उपयोगी पडले. थॉमस बुशार्ड यांनी मिनेसोटात १९७९ पासून अशी जुळी शोधली आणि १९९० मध्ये त्यांच्या गटाने धार्मिक ओढीबद्दलचे निष्कर्ष दिले. वेगळ्या घरांत वाढलेली हुबेहूब जुळीही बरीच सारखी निघाली, आणि अनुवंशाचा वाटा निम्म्याच्या आसपास आला. आक्षेपाने आकडा थोडा खाली येईल, नाहीसा होणार नाही, असं माझं मत आहे.

आता तुमच्या धाकट्याबद्दल. कदाचित त्याचा स्वभाव जन्मतःच शंका घेणारा असेल. कदाचित वसतिगृहात कुणी वाद घातला असेल, कदाचित गावात मानपानावरून झालेलं एखादं भांडण त्याने लहानपणी पाहिलं असेल आणि मनात धरलं असेल. कुणालाच ते बाहेरून कळणार नाही. त्याला विचारा, पण पालखी दारात असताना भावकीसमोर नको. पुण्याला जाल तेव्हा दोघंच बसा. आणि आजोबांचं विचारायचं असेल तर रक्ताचं सोडा. ते देवळात का जात नव्हते, कशासाठी फिरत होते, हे त्याला तुम्ही कधी सांगितलंय का? ते सांगून जे पोचतं तोही वारसाच आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. पालखीच्या मानाचं काय करायचं, हे थोरला, तुमचे यजमान आणि गावकी बसून ठरवतील. त्यात जनुकशास्त्राला बोलावू नका.

राहिली चाचणी. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत लाळेच्या नमुन्यावरून ‘आध्यात्मिक वृत्ती’ आणि ‘नेतृत्वगुण’ सांगू म्हटलंय. तो पैसा घालवू नका. जिथे सगळा जीनोम चाळूनही खात्रीची एक जागा मिळाली नाही, तिथे एका मुलाच्या लाळेतून श्रद्धा मोजता येणार नाही. तो अहवाल भावकीच्या हाती पडला तर त्रास मात्र तुम्हालाच होईल. रक्त तपासायचंच असेल तर दोन्ही मुलांची लग्नं ठरण्याआधी थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या: साधी रक्तपेशींची मोजणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी चाचणी. वाहक माणूस, म्हणजे ज्याच्याकडे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असते तो, धडधाकट असतो, त्याला काही जाणवत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तुमच्या मुलांपैकी कुणी वाहक निघाला, तर होणाऱ्या सुनेचीही तीच चाचणी करून घ्या आणि दोन्ही अहवाल घेऊन माझ्याकडे किंवा जवळच्या समुपदेशकाकडे या.